‘जे आहे ते द्या’ : एचआयव्ही उपचार कार्यक्रम चालवणाऱ्यांना खुले पत्र

एचआयव्ही उपचार कार्यक्रमाचे अधिकारी, औषध खरेदीचे निर्णय घेणारे सदस्य, आणि उपचार केंद्रांतील डॉक्टर, औषध निर्माण अधिकारी व समुपदेशक यांस,

सादर नमस्कार.

एचआयव्हीच्या औषधांचा तुटवडा आहे आणि पुरेसा साठा येईपर्यंत रुग्णांना ‘जे उपलब्ध आहे ते द्यावे’ अशी सूचना तुमच्याकडून केंद्रांना गेली आहे. तिचा कागद मी पाहिलेला नाही. औषधाच्या खिडकीवर तिचा अर्थ काय होतो ते मात्र पाहिले आहे. ते पाहून गप्प बसणे मला जमत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे.

माझी रोजची गोळी एकच असते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे असतात. आम्ही सगळे तिला टीएलडी म्हणतो. या वेळी टीएलडीची बाटली नव्हती. तिच्या बदली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन एवढीच दोन औषधे असलेल्या गोळ्या मोजून, कागदी पुडीत बांधून माझ्या हातात दिल्या गेल्या. ‘डोल्युटेग्राविर आले की कळवू, तोवर याच चालू ठेवा.’ तिसऱ्या औषधाशिवाय या घ्यायच्या कशा, असे मी विचारले. खिडकीतल्या बाईंचा स्वर तुटक नव्हता. त्या म्हणाल्या, ‘वरून तसेच सांगितले आहे. निदान काहीतरी पोटात तरी जाईल.’ माझ्या मागे एक तरुण मुलगा उभा होता. औषध नुकतेच सुरू झाले असावे, उपचाराची वही अगदी कोरी होती. त्याने तशीच पुडी घेतली, खिशात घातली आणि खाली मान घालून निघून गेला. त्याने काहीच विचारले नाही. काय विचारायचे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसणार.

‘काहीतरी पोटात जाईल’ यामागची माया मला कळते. अंगदुखीवर अर्धी गोळी घेतली तर थोडा तरी आराम पडतो. एचआयव्हीच्या संयुक्त उपचारात हा हिशेब चालत नाही. इथे अपुरे औषध विषाणूला शिकवून सोडते, आणि तो शिकलेले विसरत नाही.

या विषयाशी माझा संबंध काय, ते आधी सांगते. मी एचआयव्हीसह जगणारी बाई आहे. औषध सुरू झाले तेव्हा माझी सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) इतकी खाली गेली होती की डॉक्टर माझ्याशी कमी आणि माझ्या घरच्यांशी बाजूला जाऊन जास्त बोलत. आज मी पूर्णवेळ काम करते. माझा मुलगा ही औषधे चालू असताना झाला, त्याला लागण नाही. माझा नवरा निगेटिव्ह आहे आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतरही निगेटिव्ह आहे. याचे श्रेय मी नशिबाला देत नाही. तीन औषधे, रोज, एकत्र, खंड न पडता मिळाली म्हणून हे झाले. नव्याने आलेल्या रुग्णांशी बोलायला समुपदेशक मला अधूनमधून बोलावतात. तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, की गोळी चुकवू नका. उद्या त्यांनी मला विचारले, ‘ताई, आम्ही चुकवली नाही, केंद्रानेच अर्धी दिली, आता काय?’ तर माझ्याकडे उत्तर नाही. ते तुमच्याकडून हवे आहे.

पत्राखाली नाव लिहीत नाही. मुलाच्या शाळेत आणि माझ्या कामाच्या ठिकाणी हे अजून सांगता आलेले नाही, आणि ते सांगण्याची वेळ या पत्राने ठरवावी असे मला वाटत नाही.

तुमच्यातल्या डॉक्टरांना पुढचे सगळे माहीत आहे. पण औषधांची खरेदी आणि वाटप ठरवणाऱ्या टेबलावर प्रत्येक जण डॉक्टर नसतो, आणि हे पत्र वाचणारे रुग्णही नाहीत. म्हणून सविस्तर लिहिते. एचआयव्हीवरचे पहिले औषध, झिडोव्हुडिन, १९८७ मध्ये मंजूर झाले. तेव्हा ते एकटेच दिले जाई. काही महिने माणूस सावरे, वजन भरे, आणि मग विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होई. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. स्वतःची नक्कल करताना एचआयव्ही सारख्या चुका करतो, आणि त्या तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. एवढ्या नकलांमध्ये एखादी चूक अशी निघतेच की समोरचे औषध तिच्यापुढे निकामी ठरते. बाकीचे विषाणू औषधाने दबतात, हा एक दबत नाही, आणि थोड्याच काळात शरीरात त्याचीच पिलावळ उरते. दोन औषधे एकापेक्षा सरस आहेत हे १९९५ मध्ये मोठ्या चाचण्यांतून दिसले. १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या जागतिक एड्स परिषदेत तीन औषधांच्या उपचारांचे निकाल मांडले गेले, आणि जिथे जिथे ही औषधे पोहोचली तिथे मरणारी माणसे उठून घरी जाऊ लागली. तिन्ही औषधांना चुकवणारे सगळे बदल एकाच विषाणूत एकाच वेळी जुळून येणे जवळजवळ अशक्य असते. आमचे आयुष्य या ‘जवळजवळ अशक्य’वर उभे आहे.

आता ती कागदी पुडी पाहा. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन दोन्ही एकाच पायरीवर काम करतात, विषाणू आपल्या आरएनएपासून डीएनए बनवतो त्या पायरीवर. लॅमिव्हुडिन निकामी करायला विषाणूला एकच बदल पुरतो. त्याचे नाव एम१८४व्ही, तुमच्या प्रयोगशाळांना ते चांगले परिचयाचे आहे. तो झाला की टेनोफोविरवर जवळजवळ एकट्याने लढायची वेळ येते. डोल्युटेग्राविर वेगळ्याच जागी विषाणूला अडवते. विषाणूचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवणारे इंटिग्रेज नावाचे विकर ते बंद पाडते, आणि त्याला चकवणे विषाणूला फार जड जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला पहिल्या पसंतीच्या उपचारात स्थान दिले. तिघांतले सर्वांत भक्कम औषध काढून घेऊन उरलेली दोन तुम्ही आमच्या हातावर ठेवलीत.

कोणी म्हणेल, आता दोन औषधांचा उपचारही मान्य झाला आहे. झाला आहे. डोल्युटेग्राविर आणि लॅमिव्हुडिन ही जोडी २०१९ पासून वापरात आहे. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिनची इंजेक्शनेही आली आहेत. पण या जोड्या विचार करून निवडल्या, शेकडो माणसांवर तपासल्या, आणि कोणाला देऊ नयेत हेही ठरवले. हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य आजार असलेल्या माणसाला तेवढ्यावर ठेवता येत नाही. गोदामात काय शिल्लक राहिले यावरून जोडी ठरवायला त्यातून परवानगी मिळत नाही. उलट बाजूचीही परीक्षा झाली आहे. डोल्युटेग्राविर एवढे भक्कम आहे तर एकटेच पुरेल का, हे नेदरलँड्समध्ये विषाणू पूर्ण आटोक्यात असलेल्या रुग्णांवर पाहिले गेले. काहींच्या रक्तात विषाणू परत वर आला, डोल्युटेग्राविरलाच दाद न देणारे बदल दिसले, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्या रुग्णांवर बारीक लक्ष तरी होते. पुडी घेऊन गेलेल्या त्या मुलावर कोणाचे लक्ष आहे?

पुडीबद्दलही दोन वाक्ये लिहायलाच हवीत. टेनोफोविर असलेल्या गोळ्या दमट हवेने खराब होऊ नयेत म्हणून मूळ बाटलीत, ओलावा शोषणाऱ्या पाकिटासह ठेवायच्या असतात. कागदी पुडीवर औषधाचे नाव नव्हते, मुदत नव्हती, काहीच नव्हते.

जिथे एकही गोळी मिळाली नाही तिथली गोष्टही सोपी नाही. अजूनही एफाविरेन्झ हे जुने औषध असलेल्या मिश्रणावर असणारे रुग्ण आहेत. एफाविरेन्झ शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, बंद केल्यावर कित्येक दिवस रक्तात रेंगाळते. सगळी औषधे एकाच दिवशी संपली तरी बाकीच्यांचा प्रभाव आधी ओसरतो आणि एफाविरेन्झ मागे एकटे राहते. त्याच्यावर मात करायलाही विषाणूला एक बदल पुरतो. म्हणजे ज्याला ‘चार दिवस औषध नव्हते’ असे आपण म्हणतो, त्याने प्रत्यक्षात काही दिवस एकट्या एफाविरेन्झचा उपचार घेतलेला असतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्यांच्या यकृतातला तो दुसरा विषाणूही दाबून धरतात. अचानक बंद झाली तर हिपॅटायटिस उसळतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पुरवठा आटला तेव्हा अशा रुग्णांची यादी कोणी काढली होती का? आमच्या केंद्रात विचारले तेव्हा कोणाला सांगता आले नाही.

उपचारात ठरवून खंड ठेवला तर चालेल का, हेही जगाने पाहून झाले आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत ३३ देशांतले ५,४७२ रुग्ण होते. अर्ध्यांना अखंड औषध, अर्ध्यांना सीडीफोर बरी असेपर्यंत सुट्टी. सुट्टीच्या गटात गंभीर आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त झाले, म्हणून २००६ मध्ये ती पद्धत थांबवली गेली. ज्यांना सुट्टी दिली होती त्यांना निदान ठरवून, विचारून दिली होती. आम्हाला विचारलेही नाही.

इथे वाचणाऱ्या रुग्णांना हात जोडून सांगते. हे वाचून कोणीही स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, आणि मिळालेली अर्धी पुडी मुकाट्याने चालूही ठेवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायचे आहे म्हणून सांगा आणि ‘माझे मिश्रण पूर्ण आहे का?’ एवढेच विचारा. काय करायचे ते तुमचे मिश्रण आणि तुमचे यकृत, मूत्रपिंड पाहून त्यांनी ठरवायचे आहे.

पुरवठ्याच्या या गोंधळाचा मला सर्वांत जास्त लागलेला भाग पुढे येतो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचे प्रमाण, वाढला की दोष रुग्णाचा धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे लोड रक्ताच्या दर मिलिलिटरमागे १,००० च्या वर आला तर औषध नियमित घेण्याबद्दल समुपदेशन करायचे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे. पद्धत चांगली आहे. पण त्या समुपदेशनात काय चालते ते मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकले आहे. ‘किती गोळ्या चुकवल्या? खरे सांगा.’ समोरची बाई रडकुंडीला येऊन सांगते की एकही नाही, आणि तिच्या नावापुढे ‘अनियमित’ लिहिले जाते. गेल्या महिन्यांत केंद्रानेच तिला कितीदा अपुरे औषध दिले, हे त्या कागदावर लिहायला रकाना नाही. मग पहिली औषधे सोडून दुसऱ्या लाइनच्या औषधांची वेळ येते, जास्त गोळ्या, जास्त त्रास, पुढे उरलेले पर्याय कमी. सामानाचा तुटवडा तुमचा, आणि बट्टा तिच्या नावावर लागतो. हे अन्यायाचे आहे आणि ते थांबायला हवे.

लोड किती आला आणि त्याचा अर्थ काय, हेही पुष्कळांना सांगितले जात नाही. ‘रिपोर्ट ठीक आहे’ एवढ्यावर बोळवण होते. ज्याचा विषाणू तपासणीत सापडत नाही त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. ‘पार्टनर’ या अभ्यासात एक जण पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह असलेल्या शेकडो जोडप्यांना वर्षानुवर्षे पाहिले, कंडोमविना संबंध होते, आणि उपचाराखालच्या जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही. २०१९ मध्ये त्याचा दुसरा टप्पाही तेच सांगून गेला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे स्वच्छ शब्दांत जाहीर केले. ही बातमी माझ्या नवऱ्याला आणि मला कळली त्या दिवशी आमच्या घरातली एक भीती गेली. ती दुसऱ्या घरांतून जाऊ नये असे कोणाला वाटते? आणि अपुरी गोळी देऊन तुम्ही नुसता एक रुग्ण धोक्यात घालत नाही, त्याच्या घरातली ही निर्धास्तीही काढून घेता.

औषध बदलले तर का बदलले हे सांगण्याची तसदीही घेतली जात नाही. मी पूर्वी एफाविरेन्झवर होते. रात्री गोळी घेतली की खाट फिरायची आणि पहाटेपर्यंत इतकी खरी वाटणारी स्वप्ने पडायची की जाग आल्यावर आधी मुलाला हात लावून पाहायचे. ‘मनाचे खेळ आहेत’ असे मला सांगितले गेले. ते त्या औषधाचे माहीत असलेले, पुस्तकात छापलेले परिणाम होते. पुढे डोल्युटेग्राविर आले, तेव्हा २०१८ मध्ये बोत्स्वानातल्या एका पाहणीतून बाळाच्या मज्जारज्जूत दोष होण्याची शंका निघाली. सावधगिरी योग्यच होती. पण अनेक ठिकाणी मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ते औषध सरसकट नाकारले गेले, त्यांची इच्छा न विचारता. त्याच पाहणीत पुढे जास्त बाळंतपणांची माहिती जमत गेली तशी ती शंका मावळली. तेव्हाही आम्हाला कोणी बोलावून सांगितले नाही. बाईच्या शरीराबद्दलचा निर्णय तिच्यासमोर मांडायला दहा मिनिटे पुरतात.

आणि दुसऱ्या औषधांचे काय? डोल्युटेग्राविर कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना चिकटते आणि शोषले जात नाही. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम असलेली ॲसिडिटीची औषधे तर कोणीही घेते. डोल्युटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचे. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या जेवणाबरोबर असतील तर एकत्रही चालतात, ॲसिडिटीच्या या औषधांना मात्र ही सूट नाही. क्षयावरचे रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविरचा एक डोस कमी पडतो, बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागते, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही आणखी दोन आठवडे. मधुमेहाचे मेटफॉर्मिन असेल तर त्याचा डोस पाहावा लागतो. मी ज्या रुग्णांशी बोलते त्यांच्यापैकी फार थोड्यांना यातले काही सांगितले गेले आहे. क्षयाची औषधे एका खोलीतून आणि आमची दुसऱ्या खोलीतून मिळतात, आणि जादा गोळी कोणी द्यायची यावर दोन खोल्यांमध्ये रुग्ण हेलपाटे घालतो.

केंद्रातले लोक मन लावून काम करतात हे मी रोज पाहते, गर्दी किती आणि माणसे किती तेही पाहते. म्हणून माझा रोख त्या खिडकीकडे नाही, ती सूचना काढणाऱ्यांकडे आहे.

आमचे मागणे असे आहे. अपुरे मिश्रण कोणालाही, एका दिवसासाठीही, देऊ नका, आणि ‘जे उपलब्ध आहे ते द्यावे’ ही सूचना लेखी मागे घ्या. महिन्याचे औषध नसेल तर दहा दिवसांचे द्या, पण पूर्ण द्या. तेही नसेल तर शेजारच्या केंद्रातून मागवा, किंवा डॉक्टरांनी तपासून दुसरे पूर्ण मिश्रण लिहून द्यावे आणि ते का, हे रुग्णाच्या वहीत लिहावे. साठा कमी होत असल्याचे केंद्रांना आणि आम्हाला संपण्याच्या आधी कळवा. प्रत्येक केंद्रात किती आठवड्यांचा साठा आहे हे सर्वांना दिसेल असे ठेवा. प्रकृती स्थिर असलेल्यांना एका वेळी तीन ते सहा महिन्यांची औषधे द्यावीत हे जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते आहे. तसे झाले असते तर या तुटवड्यात कितीतरी घरांत पूर्ण बाटल्या असत्या.

या तुटवड्यात ज्यांना अपुरे औषध मिळाले त्या सगळ्यांना शोधून बोलवा, पूर्ण मिश्रण सुरू करा, पुढचा व्हायरल लोड वेळेवर करा, आणि तो जास्त आला तर औषध बदलण्याआधी विषाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे पाहणारी रेझिस्टन्सची तपासणी करा. त्यांच्या नावापुढे ‘अनियमित’ लिहू नका, जिथे लिहिले आहे तिथे खोडा. नोंदीच्या कागदावर ‘केंद्राकडून औषध मिळाले नाही’ असा रकाना घाला. हिपॅटायटिस बी असलेल्यांची यादी आजच काढा. दर भेटीत ‘आणखी कोणती औषधे घेता?’ हा प्रश्न विचारा आणि वेळा लिहून द्या. क्षय आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्यांना जादा गोळी एकाच खिडकीवर मिळू द्या. व्हायरल लोडचा आकडा आणि त्याचा अर्थ रुग्णाला बाजूला बसवून सांगा. औषध खरेदीच्या बैठकीत ही औषधे स्वतः घेणारी निदान दोन माणसे बसवा, मत देण्याच्या अधिकारासह.

उत्तर लेखी हवे आहे आणि प्रत्येक केंद्राच्या फलकावर हवे आहे, कोणत्या मागणीवर काय ठरले आणि कधीपर्यंत होणार या तारखांसह. तोवर मी आणि माझ्यासारख्या काही जणी औषध वाटपाच्या दिवशी बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला त्याची बाटली उघडून दाखवू आणि तीन नावे मोजायला शिकवू. ज्याच्या हातात तीन पूर्ण नसतील त्याला घेऊन आम्ही डॉक्टरांच्या दारात उभ्या राहू. त्या मुलालाही शोधते आहे.

आपली,
एआरटी (एचआयव्हीची औषधे) घेणारी एक आई